सेकंडहँड विमान, तिसरा मालक आणि बाराशे डॉलर

विमानाचं किट विकणाऱ्या कंपनीचं ईमेल चारच ओळींचं होतं. "आमच्या नोंदीनुसार हा सिरियल नंबर अजून मूळ खरेदीदाराच्या नावावर आहे. तांत्रिक मदत आणि सुटे भाग फक्त नोंदणीकृत मालकांना मिळतात. नोंद बदलण्याची फी प्रत्येक हस्तांतराला ६०० डॉलर. आपल्या बाबतीत दोन हस्तांतरं झाली आहेत, तेव्हा १,२०० डॉलर आणि सोबतचा फॉर्म सही करून पाठवावा."

दादांनी विचारलं काय होतं, तर फ्लॅपच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्टीच्या, दांडीला लागणाऱ्या एका बोल्टचा पार्ट नंबर.

त्यांचं खरं नाव इथे देत नाही. आमच्या भागातले सगळे मराठी लोक त्यांना दादाच म्हणतात. मूळचे ठाण्याचे, पंचवीसेक वर्षं ओहायोत. विमान उडवण्याचं लायसन्स पन्नाशीत काढलं आणि २०२३ च्या सप्टेंबरात शेजारच्या इंडियानातून स्वतःचं विमान घेतलं. दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं, पंख वर असलेलं, पुढे रोटॅक्स ९१२ हे शंभर अश्वशक्तीचं इंजिन. किंमत ५८,००० डॉलर. मी एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटचा, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा, मेकॅनिक आहे, म्हणून खरेदीआधीची तपासणी माझ्याकडे होती. विमान मला आवडलं होतं. रिव्हेट एका ओळीत, वायरिंगला लेबलं, रबरी नळ्या तारखेनिशी बदललेल्या. रोटॅक्सच्या नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या असतात आणि लोक नेमकं तेच टाळतात.

हे किटचं विमान. म्हणजे कंपनीने कापलेले, वाकवलेले, भोकं पाडलेले भाग खोक्यांतून पाठवायचे आणि घेणाऱ्याने ते आपल्या गॅरेजमध्ये जोडायचे. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव बातम्यांत आले तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. अमेरिकेत हा छंद जुना. घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, १९५३ साली निघाली आणि तिचा ऑशकॉशचा मेळावा दर उन्हाळ्यात भरतो. दादांचं विमान एका निवृत्त शिक्षकाने सहा वर्षं खपून बांधलं, थोडं उडवलं, मग नजर अधू झाली म्हणून विकलं. ज्याने ते घेतलं त्याने चार वर्षं वापरून दादांना विकलं. या मधल्या मालकाने कंपनीला कधी काही कळवलंच नव्हतं. त्याला गरज पडली नव्हती आणि कळवायचं असतं हेही माहीत नव्हतं.

ईमेल वाचून दादांचा फोन आला. "अरे, ठाण्याचा फ्लॅट विकला तेव्हा सोसायटीनेसुद्धा पंचवीस हजारांच्या वर मागितले नव्हते! आणि मधल्या माणसाची थकबाकी माझ्याकडून?"

मला हसू आलं, पण तुलना चुकीची नव्हती. महाराष्ट्रात सोसायट्या ट्रान्सफरच्या नावाखाली वाटेल ते उकळायच्या, म्हणून सरकारने ऑगस्ट २००१ मध्ये मर्यादा घातली: महापालिका हद्दीत हस्तांतराचा प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, शिवाय ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. किटच्या कंपनीला अशी मर्यादा घालणारं कोणी नाही. पण दोन्हींत मोठा फरक आहे. सोसायटीचं नाहरकत पत्र नसलं की फ्लॅटचा व्यवहार अडतो, बँक कर्ज अडवते. इथे कंपनी काय अडवू शकते? हे नीट लावून पाहायला मी रविवारी दादांकडे गेलो.

मालकीची बाजू आधी पाहिली. विमानाची मालकी एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयात नोंदली जाते. विकणाऱ्याने ८०५०-२ नंबरच्या फॉर्मवर विक्रीपत्र द्यायचं, घेणाऱ्याने ८०५०-१ भरायचा आणि सोबत पाच डॉलर. होय, पाच. अख्खं विमान नावावर करायला सरकारला पाच डॉलर पुरतात. दादांनी खरेदीआधी त्याच कार्यालयातल्या कागदांचा शोध घ्यायला लावला होता, बोजा काही नव्हता, मालकीची साखळीही सलग होती: शिक्षक, मधला मालक, दादा. सरकारदरबारी दादांचं नाव लागलेलं होतं. किटच्या कंपनीची परवानगी त्या साखळीत कुठेच नाही.

उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्रही विमानाबरोबर येतं. मालक बदलला म्हणून ते नवं काढावं लागत नाही. त्याला जोडलेली उड्डाणाच्या अटींची पानं मात्र विमानात हवीत. ती हरवलेली विमानं मी पाहिली आहेत आणि तिथे खरी डोकेदुखी असते. जे येत नाही ते एकच, बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट. ज्याने बांधलं त्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः सही करून पुरी करता येते; हा अधिकार त्या माणसाचा, विमान विकलं तरी नव्या मालकाकडे जात नाही. दादा हवं तर स्वतः तेल बदलतील, चाकं बदलतील, पंखही उतरवतील, त्याला हरकत नाही. पण तेव्हाच्या नियमाने वर्षातून एकदा लॉगबुकात सही माझ्यासारख्या मेकॅनिकची लागणार होती.

म्हणजे उडवणं, विकणं, विमा, तपासणी, यांतलं काहीच कंपनी थांबवू शकत नव्हती.

मग दादांनी मला हँगरमध्ये नेलं. त्यांना एक गोष्ट दाखवायची होती. विमानाच्या शेपटीजवळ बाहेरच्या अंगाला तळहाताच्या निम्म्या आकाराची स्टीलची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, तिच्यावर उत्पादकाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर कोरलेला असतो. दादांच्या विमानावर उत्पादक म्हणून नाव होतं त्या शिक्षकांचं. कंपनीचं नव्हे. अक्षरं थोडी तिरकी होती, घरी कोरलेली असावीत.

"मग उत्पादक कोण?" दादांनी विचारलं.

कायद्याने तेच, शिक्षक. हौशी बांधणीच्या विमानाला परवाना मिळतोच मुळी या अटीवर, की बांधणीचा मोठा हिस्सा शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी हौशी माणसांनी स्वतः केलेला असावा. ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात तो हाच. किटच्या कंपन्यांना ही व्यवस्था सोयीची आहे. अपघात झाला, कोर्टात गेलं, की त्या म्हणतात: आम्ही विमान बनवत नाही, आम्ही भाग विकतो, उत्पादक तो बांधणारा. आणि मालक बदलला की त्याच कंपनीला आपण उत्पादक असल्याची आठवण होते आणि हस्तांतराची फी लागते. हा विरोधाभास दादांनी पट्टीवर बोट ठेवून दाखवला तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

तरी कंपनीच्या बाजूने मी बोललो, कारण ती बाजू आहे. या बहुतेक छोट्या कंपन्या. किट विकलं की पैसा एकदाच येतो, फोन पुढची तीस वर्षं येत राहतात. बांधणाऱ्याला विमानाचा प्रत्येक रिव्हेट माहीत असतो, तो फारसं विचारत नाही. दुसरा-तिसरा मालक साधंसाधं विचारतो, आणि फोनवर बसलेला माणूस पगार घेतो. शिवाय कारखान्यात बनलेल्या विमानांना एफएएचे सक्तीचे आदेश असतात. हौशी बांधणीच्या विमानाच्या सांगाड्याला ते सहसा लागू होत नाहीत. अमुक जागी चीर पडते, तमुक बोल्ट बदला, हे कळतं ते कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिनमधून. बुलेटिन पाठवायचं तर आज मालक कोण, हे कंपनीला माहीत हवं. आमच्या प्रकरणात शेवटची चार वर्षं बुलेटिनं जात होती ती शिक्षकांच्या जुन्या ईमेलवर.

दुसऱ्या मालकाचा विमानाशी परिचय अर्धवट असतो, याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण जॉन डेन्व्हर या गायकाचं. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात त्याचं लाँग-ईझी हे घरी बांधलेलं विमान कोसळलं. ते त्याने बांधलेलं नव्हतं, सेकंडहँड घेतलं होतं. त्याचा आराखडा काढणारे बर्ट रुटान यांच्या नकाशात इंधनाच्या टाक्या बदलण्याची मूठ पायलटच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यापर्यंत पोचायला वळावं लागे, आणि वळताना शेपटीच्या सुकाणूच्या, म्हणजे रडरच्या, उजव्या पेडलवर पाय दाबला जाई. तपासात मुठीची जागा, खुणा नसलेले इंधनमापक, अपुरं इंधन आणि नव्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण, असं सगळं निघालं. पण हे उदाहरण कंपनीच्या बाजूचं नाही. मूठ सरकवली बांधणाऱ्याने. हा बदल नकाशे विकणाऱ्याच्या दप्तरात कुठून असणार? कितीही फी भरली असती तरी ही माहिती तिथून मिळाली नसती. ती मिळते बांधणाऱ्याला फोन करून. मी दादांना शिक्षकांचा नंबर शोधायला लावलं. त्यांनी दीड तास बोलून मूळ नकाशापेक्षा तीन ठिकाणी काय वेगळं केलंय ते सांगितलं, फुकट. वर बांधणीच्या फोटोंची डीव्हीडी पोस्टाने पाठवली.

मग राहिला फॉर्म. नऊ पानं.

तो वहिनींनी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. त्या बँकेत काम करतात, बारीक अक्षराला भीत नाहीत. पहिली दोन पानं नाव-पत्ता-सिरियल नंबर. तिसऱ्या पानापासून सूर बदलला. मालक मान्य करतो की विमान प्रायोगिक आहे, की कंपनी त्याची उत्पादक नाही (हे कलम वाचताना दादा खुर्चीत हसत होते), की मालक व त्याचे वारस कंपनीवर कुठलाही दावा लावणार नाहीत. सहाव्या पानावर वहिनी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं.

"इथे म्हटलंय, दुसऱ्या कुणी त्यांच्यावर दावा लावला तर त्यांच्या वकिलाचा खर्च आणि भरपाई आपण द्यायची. म्हणजे उद्या तुमच्या बाजूला बसलेल्या माणसाला काही झालं, त्याच्या घरच्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं, तर बिल आपल्या घरी?"

बरोबर वाचलं होतं त्यांनी. आणि शेवटच्या पानावर पती किंवा पत्नीच्या सहीचा रकाना होता.

"माझी सही कशाला? मी तर त्यात बसणारसुद्धा नाहीये."

इथे मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म कळलं. तोवर आम्ही ६०० की १,२०० यावर डोकं लावत होतो. पहिल्या खरेदीदाराने किट घेताना असाच करार सही केलेला असतो. त्यात दावा न लावण्याचं वचन असतं. पण तो करार त्याच्यापुरता. दुसरा, तिसरा मालक कंपनीशी काहीच बोललेला नसतो, त्याने काहीच सोडून दिलेलं नसतं. कंपनीच्या वकिलाच्या दृष्टीने असा प्रत्येक मालक म्हणजे उघडं दार. ६०० डॉलर कागदपत्रांच्या खर्चाचे म्हणून घेतले जात असतील, पण कंपनीला खरी हवी होती ती सही. बोल्टचा नंबर, बुलेटिनं, सुटे भाग हा तिचा मोबदला. आणि गंमत अशी की सहीही द्यायची आपणच, पैसेही आपणच.

दुसऱ्या दिवशी दादांनी विमा दलालाला विचारलं. त्यांची पॉलिसी नेहमीची: एकूण दहा लाख डॉलर, प्रत्येक प्रवाशामागे एक लाख. दलालाने सांगितलं, तुम्ही करार करून अंगावर घेतलेली दुसऱ्याची जबाबदारी या पॉलिसीत येत नाही, तसं कलमच आहे. म्हणजे सहाव्या पानावरची ती ओळ दादांच्या घरावर आणि निवृत्तीच्या पैशावर उभी राहणार होती. त्यापुढे बाराशे डॉलर काहीच नव्हते.

अशा अटींवरून यापूर्वी जाहीर आरडाओरडा झालेला आहे, तो किटच्या नव्हे, तयार विमानाबद्दल. पाण्यावर उतरणाऱ्या आयकॉन ए५ चा खरेदी करार २०१६ साली बाहेर आला. चाळीसेक पानं, विमानाच्या सांगाड्याला वर्षांची मर्यादा, कॉकपिटमध्ये रेकॉर्डर आणि पुढच्या मालकालाही अटींत बांधायची सोय. पायलट मंडळी इतकी खवळली की कंपनीला तो सौम्य करावा लागला. दादांनी यातून एवढंच उचललं: असा करार दगडावरची रेघ नसतो, विचारलं तर बदलतो.

उलट दुसरं टोकही आहे. ओरेगनच्या ऑरोरातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही १९७३ ची कंपनी, तिच्या आरव्ही मालिकेची अकरा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत, आणि तिची सर्व्हिस बुलेटिनं कुणालाही तिच्या वेबसाइटवर वाचता येतात. आमची कंपनी ती नव्हे. पण पत्रव्यवहार चालू असतानाच, ४ डिसेंबर २०२३ ला व्हॅन्सने दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. लेझरने कापलेल्या भागांना भोकांपाशी चिरा पडण्याचं प्रकरण अंगाशी आलं होतं, पैसा आटला होता. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, पण त्या आठवड्यात दादा म्हणाले, "एवढी मोठी कंपनी डगमगते, तर आपली ही छोटी उद्या बंद पडली, तर माझे सहाशे कुणाकडे मागू?" मी म्हटलं, "पैसे जातील दादा, सही मात्र राहील. कंपनी विकत घेणाऱ्याकडे ती फाइलसकट जाईल." त्यावर ते बराच वेळ गप्प होते.

शेवटी त्यांनी एक पत्र लिहिलं. रागाचं नाही, मसुदा रागाचा होता, वहिनींनी तो बदलायला लावला. त्यात चार गोष्टी होत्या. फी भरल्यावर नेमकं काय मिळेल ते लेखी द्या. मधल्या मालकाने तुमच्याकडून एकही भाग किंवा सल्ला घेतलेला नाही, त्याचं तसं निवेदन सोबत आहे, तेव्हा त्याच्या हस्तांतराची फी लावू नका. तुमच्यावर दावा न लावण्याचं वचन मी देतो, पण दुसऱ्यांच्या दाव्याची भरपाई देणार नाही. आणि माझ्या बायकोची सही मिळणार नाही.

तीन आठवडे उत्तर नाही. मग एका संध्याकाळी कंपनीच्या मालकाचाच फोन. आवाजावरून सत्तरीचा वाटत होता, म्हणे दादा. त्याने सरळ कबूल केलं की फॉर्म वकिलाने लिहिलाय आणि बहुतेक लोक न वाचता सही करतात. मधल्या हस्तांतराचे ६०० सोडून दिले. भरपाईचं कलम खोडायलाही तयार झाला, दावा न लावण्याच्या वचनावर मात्र अडून राहिला: "ते नसेल तर माझा वकील मला बोल्टसुद्धा विकू देत नाही." पत्नीच्या रकान्याचं त्याला आठवतच नव्हतं.

दादांनी सहाव्या पानावरच्या दोन परिच्छेदांवर तिरकी रेघ मारली, समासात आद्याक्षरं घातली, दिनांक टाकला. कंपनीनेही शेजारी आद्याक्षरं घालून प्रत परत पाठवली. ६०० डॉलर गेले.

मिळालं काय? एक लॉगिन, मॅन्युअलच्या सुधारित आवृत्त्या आणि सात बुलेटिनं. पाच शिक्षकांनी केव्हाच पुरी केलेली होती, लॉगबुकात सह्यांनिशी नोंदी होत्या. एक या मॉडेलला लागूच नव्हतं. सातवं, शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या ब्रॅकेटचं, मधल्या मालकाच्या काळात निघालेलं आणि कुणीही न पाहिलेलं. जानेवारीतल्या एका शनिवारी, हँगरमध्ये हीटर लावून, आम्ही झाकण काढलं. मी आरसा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आत मान घातली, दादा टॉर्च धरून. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात रंग, रंगाखाली प्रायमर, एका रिव्हेटभोवती थोडी काळसर रेघ. पुसली, गेली, मळ होता. चीर नव्हती. दोन बोल्ट सांगितल्याप्रमाणे बदलले, लॉगबुकात लिहिलं, झाकण लावलं. हे बुलेटिन मिळालं नसतं तर? या वर्षी तरी काहीच बिघडलं नसतं. पण ते आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मला मेकॅनिक म्हणून याची जास्त भीती वाटते. म्हणून मी हे ६०० वाया गेले म्हणणार नाही. सुरक्षिततेचं बुलेटिन फीच्या कुंपणाआड ठेवणं मात्र मला पटत नाही. सल्ल्याचे पैसे घ्या, भाग महाग विका. जिथे चीर पडू शकते ती जागा सांगण्याचे पैसे घेऊ नका.

एक चूक आमचीही. ही फी कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलेली होती. खरेदीच्या आधी मी इंजिनाचं कॉम्प्रेशन पाहिलं, पंखांचे जोड पाहिले, ओक्लाहोमाचे कागद पाहिले, आणि कंपनीच्या नोंदीत कोणाचं नाव आहे हे विचारलंच नाही. तेव्हा विचारलं असतं तर बाराशे डॉलर सौद्यातच कापून घेता आले असते. आता माझ्या तपासणीच्या यादीत ती ओळ पेट्रोलच्या नळीच्या वर आहे.

आणि तो बोल्ट. लॉगिन मिळाल्यावर दादांनी पहिल्यांदा तोच शोधला. एएन३-११ए. विमानाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळणारा, एखाद्या डॉलरच्या आसपासचा, साधा. माझ्या टूलबॉक्सच्या तिसऱ्या खणात तसे चारपाच पडले होते.

सही केलेल्या फॉर्मची प्रत दादांनी लॉगबुकांच्या फाइलीत ठेवली आहे, शिक्षकांनी पाठवलेल्या डीव्हीडीशेजारी. नवव्या पानावर एक कलम राहून गेलं होतं, ते वहिनींनी नंतर दाखवलं: विमान विकल्यास तीस दिवसांत नव्या मालकाचं नाव कंपनीला कळवावं. फाइलीच्या मुखपृष्ठावर आता पिवळा चिटोरा चिकटवलेला आहे, दादांच्या अक्षरात: "विकताना आधी पान ६ दाखवणे, मग ९."